परळची हवा

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचा वाडा एके काळी परळास होता, ही गोष्ट आज परळच्या रहिवाशालाही सांगावी लागते. पोर्तुगीज अमदानीतील पाद्र्यांच्या मठाची एक इमारत इंग्रजांनी ताब्यात घेऊन अठराव्या शतकात तिला सरकारी निवासस्थानाचे रूप दिले. भोवती बागा होत्या, आमराया होत्या, आणि किल्ल्यातील कोंदट घरांना कंटाळलेल्या गोऱ्या अंमलदारांना परळचा वारा आरोग्यदायक वाटत असे. शंभर वर्षांनी मात्र चित्र पालटले. ज्यांच्या नावाचे कॉलेज पुण्यात आहे त्या सर जेम्स फर्ग्युसन यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८८० ते १८८५ या काळात, त्यांच्या पत्नीचा याच वाड्यात पटकीने अंत झाला, आणि त्यानंतर गव्हर्नरांनी परळ कायमचे सोडून मलबार पॉइंटचा समुद्रकाठ जवळ केला. परळची हवा बिघडली, असे त्या वेळी सर्वांचेच मत पडले. तशी ती बिघडली होतीही.

हवा बिघडली म्हणून घर बदलण्याची ऐपत ज्यांना होती ते गेले, आणि ते जात असतानाच रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून निघालेली माणसे त्याच हवेत राहावयास येत होती. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या सूतगिरणीचा पाया घातला, आणि ते शतक संपण्यापूर्वी भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या पट्ट्यात धुराड्यांचे रानच उभे राहिले. या गिरण्यांत स्त्रियाही होत्या. १९२० नंतरच्या काही वर्षांत कामगारांपैकी साधारण पाचांत एक स्त्री असे. वाइंडिंग आणि रीलिंग ही खाती बहुतांशी त्यांचीच. सूत कांड्यांवर भरावे, लडी कराव्या, तुटला धागा जोडावा, हे काम दिवसभर चाले, आणि कामावर घेणे वा काढून टाकणे ज्या नायकिणीच्या हाती, तिच्या मर्जीवर पुढच्या महिन्याची चूल अवलंबून असे. या बायकांपैकी ज्यांना दिवस जात, त्यांची मुले पूर्ण दिवसांची का होत नसत, आणि झाली तरी हाती का लागत नसत, याचा शोध घेणारा निघाला की तो गर्भिणीच्या देहापाशी सुरू होई व तिच्या खोलीच्या दारापाशी येऊन थांबे. त्या दाराच्या आत काही थोड्यांनीच पाऊल टाकले. त्यांची हकीकत सांगण्याजोगी आहे.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाविषयी आपल्याकडे पूर्वापार एक ठाम समजूत आहे : सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. ही केवळ आजीबाईंची गोष्ट नव्हे. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, ते कधी मातेकडे तर कधी गर्भाकडे जाते, म्हणून त्या महिन्यातील प्रसूती धोक्याची, असे चरकसंहितेचे शारीरस्थान सांगते, आणि घरोघरच्या समजुतीचे मूळ तेथे दिसते. आधुनिक वैद्यकाला ही उपपत्ती मान्य नाही. गर्भाशयात काढलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या पदरात काही ना काही घालतोच, असा त्याचा अनुभव आहे. पण प्राचीनांना न्याय द्यायचा तर त्याच ग्रंथातील दुसरेही एक प्रकरण वाचावे लागते. नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार बांधून तयार ठेवावे. जागा अस्थी, खडे व खापऱ्या यांपासून मोकळी असावी, तिथल्या मातीचा रंग, रस व गंध प्रशस्त असावा, दार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे. आत अग्नी, पाणी, उखळ, शौचस्थान, न्हाणी आणि स्वयंपाकघर यांची तजवीज असावी, आणि ते घर ऋतुमानास सुखावह असावे, अशी ती सविस्तर आज्ञा आहे. बाळ कोणत्या भूमीवर आणि कोणत्या वाऱ्यात जन्मते याला महत्त्व आहे हे आपल्याकडे ठाऊक होते, एवढे या यादीवरून निश्चित ठरते. ही यादी वाचकांनी ध्यानात ठेवावी. परळच्या एका खोलीत शिरताना तिचा उपयोग होणार आहे.

चाळीत सूतिकागार शक्य नव्हते, म्हणून गिरणगावाने त्यावर आपला एक जुनाच तोडगा चालू ठेवला. तो म्हणजे माहेर. सातवा लागला, डोहाळजेवण झाले, की मुलीला बाळंतपणासाठी गावी धाडण्याची रीत कोकणात आणि देशावर सारखीच. कोकणातल्या बाईने गाठोडे घेऊन आगबोट धरावी, बंदरावर पडावात उतरावे, आणि तेथून डोलीत किंवा पायी घर गाठावे. या प्रवासाचे कष्ट थोडे नव्हते. तरीही नळावरच्या रांगेपेक्षा, धुरापेक्षा आणि गिरणीच्या भोंग्यापेक्षा गावचा ओटा बरा, हा हिशेब चुकीचा नव्हता. परंतु किनाऱ्यावरची आगबोटींची वाहतूक पावसाळ्यात बंद पडे, आणि जिचे दिवस आषाढ-श्रावणात भरत तिने वेळेवर निघणे जमवले नाही, तर तिची बाळंतपणाची जागा दर्याच ठरवून टाकी. जिला गावी घर उरले नव्हते, किंवा जिच्या मागे नवऱ्याला रांधून घालणारे कोणी नव्हते, तिचा प्रश्न तर ऋतूवरही अवलंबून नव्हता.

मुंबईच्या आरोग्यखात्याचे दप्तर पाहू लागले म्हणजे हे माहेरपण तेथेही आडवे येते. मूल जन्मे संगमेश्वराकडे किंवा मालवणाकडे. तीन-चार महिन्यांचे झाल्यावर आईबरोबर मुंबईस येई. आणि येथे दगावले तर मृत्यूच्या तक्त्यात त्याची भर पडे, जन्माच्या तक्त्यात मात्र त्याचे नाव नसे. शिवाय चाळीत सुईणीच्या हातून झालेल्या कित्येक जन्मांची नोंदच होत नसे. म्हणून १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे ६६७ मुले वर्षाच्या आत गेली, या भयंकर आकड्याला त्या काळच्या जाणत्यांनीही फुगलेला आकडा म्हटले होते. ते खरेच आहे. पण त्या वर्षी खात्याने आणखी एक गोष्ट केली, आणि तीच माझ्या मते अधिक मोलाची आहे : मेलेल्या मुलाचे घर किती खोल्यांचे, ते मोजले. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांत हा आकडा हजारी ८२८ निघाला, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, आणि चार वा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. नोंदणीतील सगळ्या खोटी वजा केल्या, गरिबी आणि उपासमार यांचा वाटा बाजूला काढला, तरी ही उतरंड कोणत्याही विवेकी माणसाला अस्वस्थ केल्याशिवाय राहणार नाही. आणि त्या वेळी शहरातील सुमारे दोन-तृतीयांश लोक एका खोलीतच राहत होते.

मरणाचे कारण म्हणून वहीत जे लिहिले जाई ते मात्र वेगळेच असे. अकालजन्म आणि जन्मजात दुर्बलता हे दोन शब्द एकाच रकान्यात जोडीने बसलेले असत, आणि पहिल्या महिन्यातल्या बहुतेक मृत्यूंची बोळवण त्या रकान्यात होई. मूल दुर्बल होते म्हणून मेले. दुर्बल का होते, तर दिवस भरण्याआधी झाले. दिवस का भरले नाहीत, हे विचारण्यास वहीत जागा नव्हती. खोल्यांचा तक्ता एका पानावर आणि कारणांचा तक्ता दुसऱ्या पानावर, आणि ही दोन पाने खात्यात कोणी एकमेकांवर ठेवून पाहिली नाहीत.

ती ठेवून पाहण्याचे काम एका स्त्री डॉक्टरने केले. गिरण्यांतील स्त्रियांची बाळंतपणाच्या आधीची व नंतरची स्थिती तपासण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स यांची नेमणूक केली, आणि १९२२ साली त्यांचे निष्कर्ष सरकारी कामगार गॅझेटात प्रसिद्ध झाले. अहवाल लिहिणारे बहुधा कचेरीत बसून लिहितात. या बाई चाळीचे जिने चढल्या. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर साधारण पंधरा फूट लांब व बारा फूट रुंद अशा एका खोलीत त्यांना सहा कुटुंबे आढळली. सहा निरनिराळ्या चुली जमिनीवर मांडलेल्या होत्या, तोच त्याचा पुरावा. लहानथोर माणसे मोजली तेव्हा ती तीस भरली. खोलीतील सहा बायकांपैकी तिघी लवकरच बाळंत व्हायच्या होत्या. बरोबरच्या परिचारिकेला त्यांनी विचारले, की येथे बाळंतिणीला आडोसा कसा करता? तिने तीन फूट बाय चार फुटांचा एक कोपरा दाखवला; त्याला पडदा लावला की झाले. रात्री सहाही चुली पेटल्यावर त्या खोलीत जो धूर दाटेल तो आईला आणि मुलाला, बाळंतपणाच्या आधी आणि नंतरही, अपाय केल्यावाचून राहणार नाही, असे त्यांनी नमूद केले. आणि अशी खोली आपण एकच पाहिली नाही, हेही.

ती सूतिकागाराची जुनी यादी आता या कोपऱ्याशेजारी मांडून पाहावी. अग्नी होता, एक नव्हे, सहा. पाणी खालच्या नळावर, आणि नळ ठरावीक वेळीच वाहणारा. शौचस्थान साऱ्या मजल्याचे मिळून. भूमीचा गंध कसा होता, हे सांगायचे तर घरगल्लीबद्दल लिहावे लागेल. दोन चाळींच्या पाठी जेथे जवळ येतात तेथे भंग्याने मैला उचलण्यासाठी सोडलेली जी अरुंद बोळ, तिला मुंबईत घरगल्ली म्हणत. मोऱ्यांचे सांडपाणी तिच्यातून वाहे, खिडक्या तिच्यावर उघडत, आणि म्हणूनच त्या खिडक्या बारमास बंद असत. धूर आत कोंडण्याचे कारण रहिवाशांचे अज्ञान होते असे ज्या सुखवस्तू मंडळींनी लिहिले, त्यांनी एक रात्र ती खिडकी उघडी टाकून तेथे निजून पाहावयास हवे होते.

धुराचा कायदा मुंबईत त्याआधीच झालेला होता. १९१२ च्या धूर-उपद्रव कायद्यान्वये गिरण्यांच्या भट्ट्यांवर आणि धुराड्यांवर देखरेख सुरू झाली. शहरावर पसरणारा काळा लोट साऱ्यांच्या डोळ्यांवर येत होता. लाकडाच्या आणि शेणीच्या चुलीचा धूर मलबार हिलवरून दिसत नाही, त्यामुळे तो त्या कायद्याच्या कक्षेत आला नाही. आज जगभरचे संशोधक हवेतील सूक्ष्म कणांचा आणि अकाली प्रसूतीचा संबंध दाखवतात, आणि त्यात धुराडे व चूल असा भेद उरत नाही. विहिरींचेही तसेच. डॉ. बेंटली यांनी १९११ साली मुंबईच्या हिवतापाची चौकशी करून शहरातल्या विहिरी, टाक्या आणि त्यांत वाढणारा विशिष्ट जातीचा डास यांना दोषी ठरवले. गर्भिणीला हिवताप झाला म्हणजे रक्त आटते आणि मूल वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मते, हे आता वैद्यकाच्या पहिल्या धड्यांपैकी एक आहे. पण विहीर बुजवायची म्हटली की धर्म, मालकी हक्क आणि खर्च असे तीन वकील उभे राहत.

आणि येथे पुन्हा तो गव्हर्नरांचा वाडा आपल्या गोष्टीत येतो. प्लेगची साथ १८९६ साली मांडवीत उद्भवली, ती ओळखली गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी. आणि त्या साथीच्या संशोधनासाठी रिकामा पडलेला परळचा वाडा १८९९ साली जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांच्या प्रयोगशाळेस मिळाला. पुढे तिलाच हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव पडले. १९२८ साली डॉ. लूसी विल्स नावाची इंग्रज संशोधिका या संस्थेत आली ती गर्भिणींच्या एका विचित्र पंडुरोगाचा शोध घेण्यासाठी. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांत तो फार होता, आणि त्याने आई व मूल दोघेही दगावत. विल्सबाईंनी प्रयोगशाळेत बसून रक्त तपासले, आणि डॉ. तळपदे यांच्यासह मुंबईतील स्त्रियांचा आहार व राहणीची परिस्थिती यांची पाहणीही केली. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मार्माइट या नावाने मिळणाऱ्या काळ्या चिकट पदार्थाने, हा रोग बरा होतो असे त्यांना आढळले, आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातले जे द्रव्य काम करत होते ते पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. आज जगभर गर्भवतींना जी गोळी देतात तिचा एक उगम परळच्या बायकांच्या रक्तात आहे, हे त्या गोळीच्या वेष्टनावर कोठे छापलेले नसते. ज्या वाड्यातून हवेच्या भयाने एक कुटुंब उठून गेले, त्याच वाड्यात त्या हवेत राहिलेल्यांचा अभ्यास झाला, हा योगायोग मला एखाद्या कादंबरीपेक्षा अधिक बोलका वाटतो.

कायद्याची वाट संथ होती. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९२४ साली मांडलेले प्रसूतिभत्त्याचे बिल नामंजूर झाले. मुंबई कौन्सिलात तो प्रश्न पुन्हा आला तेव्हा जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचा पुरस्कार करताना सांगितले, की प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्यातील ‘प्रसूतीपूर्वी’ हा शब्द माझ्या दृष्टीने महत्त्वाचा; बाळंतिणीची दया सर्वांनाच येते, पण अजून पोट दिसत नाही तोवर तासन्‌तास उभी राहणारी बाई कोणाच्या नजरेत भरत नाही. १९२९ च्या मुंबई कायद्याने रोज आठ आणे या दराने, काही आठवड्यांपुरता, हा विसावा विकत घेऊन दिला. मालकांनी तो कडू औषधासारखा घेतला, आणि पुढल्या दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. भत्ता देण्यापेक्षा बाईच न ठेवणे स्वस्त, हा हिशेब त्यामागच्या कारणांपैकी एक होता, याविषयी कामगार चळवळीतील कोणाला शंका नव्हती.

घरांच्या बाबतीत सरकारने केले ते अधिक मोठ्या प्रमाणावर आणि कमी बुद्धीने केले. १९२० साली निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीस १२, अशा २०७ चाळी बांधल्या. लोखंड-सिमेंटच्या त्या भिंती पाडता पडणार नाहीत इतक्या बळकट होत्या, पण खोली एकच, साधारण १६० चौरस फुटांची. दोन खोल्यांच्या घरात मूल जगण्याची आशा किती वाढते, याचा तक्ता त्याच शहराच्या महापालिकेच्या आरोग्यखात्यात तयार होता. वरळीच्या चाळी तर कित्येक वर्षे भाडेकरूंवाचून ओस पडल्या होत्या. इमारत-खात्याला आरोग्यखात्याचे कागद वाचण्याचा शिरस्ता नव्हता, एवढेच म्हणता येईल.

त्या मानाने इस्पितळांचा इतिहास उजळ आहे. १९२६ साली परळास नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले, आणि गिरणीतील बाईला पडद्याच्या कोपऱ्याऐवजी खाट मिळू लागली. दशकाच्या अखेरीस शहरातील अर्भकमृत्यूंचा आकडा हजारी तीनशेच्या आसपास उतरला. यातील काही श्रेय सुधारलेल्या नोंदणीचे, काही या सूतिकागृहांचे आणि चाळीचाळींतून फिरणाऱ्या परिचारिकांचे. पुढे १९५५ मध्ये डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी, जे मूळचे गोव्यातील शिरोड्याचे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे अध्यापक, गर्भाशयाचे मुख अवेळी उघडून वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रियांसाठी टाका घालण्याची आपली शस्त्रक्रिया मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ मासिकात प्रसिद्ध केली, आणि शिरोडकर टाका हे शब्द जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत रूढ झाले. ही विद्या थोरच. तिने अगणित घरांत पाळणा हलवला. फक्त एवढे विसरू नये, की ज्या बाईचा दोष तिच्या देहातच असतो तिलाच तो टाका उपयोगी पडतो, आणि गिरणगावातील पुष्कळजणींचे देह निर्दोष होते.

अपुऱ्या दिवसांचे मूल कोणते, याबद्दलही त्या काळी गोंधळच होता. जन्मतः वजन अडीच किलो वा त्याहून कमी भरले की ते अकाली, अशी व्याख्या युरोपातून आली, आणि १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीच उचलली. मग आपल्या वस्त्यांतील पूर्ण नऊ महिन्यांची पण अर्धपोटी आईची हडकुळी मुले सरसकट अकाली ठरू लागली. १९६१ साली संघटनेने आपली चूक दुरुस्त केली : वजन वेगळे मोजावे आणि आठवडे वेगळे. त्यामुळे दोन प्रश्न सुटे झाले. मूल लवकर का आले, आणि मूल हलके का आले. दोहोंची उत्तरे शोधताना अभ्यासकाला पुन्हा पुन्हा धूर, गर्दी, ताप, उभ्याचे काम आणि रिकामे पोट यांच्याच दारात जावे लागते.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि त्यांच्या जागी आता चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे आहेत. डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या त्या चाळींतील, म्हणजे बीडीडी चाळींतील, भाडेकरूंना १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची घरे देण्याचे काम सुरू झाले आहे. हाफकिन संस्था अजून त्याच वाड्यात आहे. आणि मूल जन्मले की आजही महापालिकेत जो जन्मनोंदणीचा नमुना भरावा लागतो, त्यात बाळाचे वजन किती, गर्भारपण किती आठवड्यांचे, आई किती शिकलेली, ती काय काम करते, असे सारे रकाने आहेत. घर किती खोल्यांचे, हा रकाना नाही.